धावड्याची मोटर आणि जगाचा कोळसा

रब्बीत गव्हाला पाणी द्यायचं म्हटलं, की जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या गावात पहिली चौकशी होते ती लाइटची. या आठवड्यात दिवसाची पाळी की रात्रीची? रात्रीची असेल, तर बॅटरी आणि काठी घेऊन, थंडीत, विंचू-सापाच्या भयात बारे द्यायचे.

विहिरीवरची ५ अश्वशक्तीची मोटर ताशी पावणेचार युनिट वीज खाते. ८ तास चालली, तर ३० युनिट. औष्णिक केंद्रात एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका पाळीच्या पाण्यामागे कुठेतरी २० किलो कोळसा जळालेला असतो. भारतातली जवळपास तीन चतुर्थांश वीज अजून कोळशाचीच आहे. त्याच गव्हाला टाकलेला युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. ट्रॅक्टरचं डिझेल ज्या खनिज तेलातून निघतं, त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त परदेशातून येतं. मात्र चुलीत जळणारी पऱ्हाटी, तुऱ्हाट्या आणि गोवऱ्या जगाच्या ऊर्जेच्या बऱ्याच हिशेबांत धरल्याच जात नाहीत.

त्या हिशेबांत चीन पहिला, अमेरिका दुसरी, भारत तिसरा. जगातली पाव हिस्सा ऊर्जा एकटा चीन वापरतो. भारताचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास. पण तिसरा क्रमांक ऐकून भारत उधळपट्टी करतो असं कुणी म्हणू लागलं, तर ते साफ चूक आहे. भारतात माणशी वर्षाला सुमारे १४०० युनिट वीज लागते, अमेरिकेत १२ हजारांवर.

माणशी आकडाही जपूनच वाचावा लागतो. चार लाखांहून कमी वस्तीच्या आइसलँडमध्ये तो ५० हजार युनिटच्या घरात जातो, कारण तिथली बहुतांश वीज ॲल्युमिनियमचे कारखाने पितात. जालना जिल्ह्यातही तोच प्रकार आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळया बनतात. इंडक्शन भट्टीत एक टन भंगार वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात. धावड्याची ती मोटर तेवढ्या विजेवर २० दिवस, रोज ८ तास चालेल. जिल्ह्याची सरासरी काढली, की भट्टी आणि विहीर एकाच आकड्यात विरून जातात.

स्रोत बदलण्याचा प्रश्नही दोघांचा वेगवेगळा आहे. नॉर्वेला धबधबे लाभले, फ्रान्सने अणुवीज उभारली; मराठवाड्याकडे ऊन आहे. शेजारच्या जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला ३ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला आणि तिथल्या शेतीला दिवसा वीज मिळू लागली. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याने १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के. गव्हाचं पाणी हिवाळ्यात द्यायचं असतं, तेव्हा आभाळ निरभ्र असतं. दुपारी पंप जोरात चालतो आणि रात्रीची पायपीट टळते. ही सोय कार्बनच्या हिशेबाइतकीच मोलाची आहे. बिल नाही म्हणून उपसा वाढला, तर विहीर उन्हाळ्याआधीच तळ गाठेल, ही काळजी मात्र रास्त आहे.

भट्टीला सूर्य मावळून चालत नाही. वितळलेलं लोखंड अर्ध्यावर सोडता येत नाही. म्हणून रात्रीसाठी वीज साठवायची कुठे, बॅटरीत की उंचावरच्या जलाशयात, हा प्रश्न धावड्याच्या आधी जालन्याच्या भट्टीवाल्यांना सोडवावा लागणार आहे.