युरोपातली संगणकविद्या : सावडीची हकीकत

मंडळी, ज्या विद्येला आपण संगणकशास्त्र म्हणतो तिचं युरोपात बारसं एकदा नाही, अनेकदा झालं. जर्मनांनी तिला ‘इन्फॉर्मॅटिक’ म्हटलं. फ्रेंचांनी १९६२ साली ‘अँफॉर्मातिक’ हा शब्द घडवला. डेन्मार्कात पीटर नाउर या विद्वानानं ‘डेटालॉजी’ हे नाव रूढ केलं. इंग्रजांनी मात्र अमेरिकेप्रमाणे ‘कॉम्प्युटर सायन्स’च पत्करलं. नावात काय आहे, असं आपण म्हणाल. पण थोडा विचार करा. अमेरिकी नावात यंत्र पुढं आहे, आणि युरोपी नावांत माहिती पुढं आहे. विहिरीवरच्या मोटेचा अभ्यास वेगळा आणि पाण्याचा अभ्यास वेगळा, तसंच हे. प्रस्तुत लेखकाला युरोपी नावं अधिक नेमकी वाटतात.

एकाच विद्येची इतकी नावं असणं म्हणजे तिचं घर एक नसणं. महायुद्धानंतर इंग्लंड, हॉलंड, जर्मनी, स्वीडन, स्वित्झर्लंड या देशांत निरनिराळी गणकयंत्रं उभी राहिली. प्रत्येकाची रचना वेगळी आणि आज्ञा देण्याची रीतही वेगळी. ॲमस्टरडॅमच्या यंत्रासाठी लिहिलेलं गणित म्युनिकच्या यंत्राला कळायचं नाही. विद्वान थोडे, पैसा थोडा, आणि जो तो आपापल्या वाफ्यात. या विद्येला धंदा म्हणूनसुद्धा मान नव्हता. हॉलंडचे एड्सगर डायक्स्ट्रा १९५७ साली लग्न नोंदवायला गेले आणि व्यवसाय म्हणून त्यांनी ‘प्रोग्रॅमर’ लिहिलं. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेनं सांगितलं, असा व्यवसायच नाही! अखेर त्यांची नोंद सैद्धांतिक पदार्थवैज्ञानिक अशी झाली. पुढे हेच गृहस्थ या शास्त्राच्या थोर आचार्यांत गणले गेले.

एकत्र येण्याचा पहिला मोठा खटाटोप झाला तो भाषेपायी. माणसाच्या नव्हे, यंत्राला सूचना देण्याच्या भाषेपायी. १९५८ च्या मे महिन्याच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी चार युरोपी आणि चार अमेरिकी तज्ज्ञ जमले. कुठल्याही यंत्रावर चालेल अशी एकच भाषा ठरवावी, हा बेत. आता गंमत पहा. चर्चा अडली ती एका टिंबावर! अमेरिकेत दशांश चिन्ह म्हणून टिंब देतात, तर जर्मनी-फ्रान्सकडे स्वल्पविराम. एका युरोपी प्रतिनिधीनं टेबलावर मूठ आपटून सांगितलं की, दशांशासाठी मी टिंब कदापि वापरणार नाही. शहाणीसुरती माणसं, पण लहानपणी पाटीवर गिरवलेलं सुटत नाही, बरं का.

तोडगा काढला तो वेगस्टाइन नावाच्या अमेरिकी सदस्यानं. त्यानं भाषेचे तीन थर मानायला सांगितलं. एक मूळ प्रमाण रूप. दुसरं पुस्तकात छापण्याचं रूप. आणि तिसरं प्रत्यक्ष यंत्राला द्यायचं रूप. छापताना ज्यानं त्यानं आपलं चिन्ह वापरावं, पण मूळ अर्थ एक राहावा. आपल्याकडे एकच जमाखर्च कोणी मोडीत लिही, कोणी बाळबोधीत. म्हणून काही शिल्लक बदलत नसे. तोच हा न्याय.

या भाषेला ‘अल्गॉल’ हे नाव मिळालं. १९६० च्या जानेवारीत पॅरिसला तेरा जणांची बैठक भरून तिचं सुधारलेलं रूप पक्कं झालं. तेरांपैकी सात युरोपचे होते. भाषेचं व्याकरण त्यांनी अशा काटेकोर सूत्रांत मांडलं की, १९६७ साली एका अमेरिकी अभ्यासकानं या सूत्रपद्धतीला पाणिनीचं नाव जोडावं अशी सूचना केली. संस्कृत शिकवणाऱ्या गुरुजींनी हे वर्गात जरूर सांगावं. अल्गॉल बाजारात फारशी चालली नाही. व्यापारी कंपन्यांनी आपल्याच भाषा पुढे रेटल्या. परंतु ज्या माणसांनी ती घडवली त्यांचा आपसांत परिचय झाला, पत्रव्यवहार सुरू झाला, आणि शिष्यांची देवघेव होऊ लागली. निकोलाउस विर्थ हे अमेरिकेत शिकून, तिथं शिकवून १९६७ साली झुरिकला परतले आणि १९७० मध्ये त्यांनी ‘पास्कल’ ही भाषा प्रसिद्ध केली. विद्यार्थ्याला नीट विचार करायला शिकवावं, हाच तिचा हेतू. आपल्या महाराष्ट्रातल्याही कित्येक कॉलेजांत ती एके काळी शिकवली जात असे.

पण विर्थ परतले तसे सगळे परतले नाहीत, आणि युरोपचं खरं दुखणं तेच होतं. डायक्स्ट्रा १९८४ साली टेक्ससला गेले. जिनिव्हाजवळ ‘सर्न’ ही प्रयोगशाळा बारा देशांनी मिळून १९५४ साली स्थापन केली. तिथं टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थानं १९८९ साली ‘वेब’ची कल्पना मांडली. आज मोबाइलवर आपण बाजारभाव पाहतो तो त्याच वेबवर. सर्ननं ती ३० एप्रिल १९९३ रोजी साऱ्या जगाला मोफत खुली करून दिली. आणि पुढच्याच वर्षी बर्नर्स-ली अमेरिकेत एमआयटीला गेले! बी एकाच्या रानात, पीक दुसऱ्याच्या खळ्यावर. खेड्यातल्या शाळेतून हुशार मुलगा शहरात जातो आणि परत येत नाही, तेव्हा गुरुजींना जे वाटतं तेच युरोपच्या प्राध्यापकांना वाटत होतं.

यावर उपाय म्हणून सरकारं जागी झाली. युरोपीय आयोगाचे एक आयुक्त, बेल्जियमचे एतिएन दाविन्यों, यांनी फिलिप्स, सीमेन्स, ऑलिव्हेत्ती अशा बारा बड्या कंपन्यांच्या प्रमुखांना एकत्र बसवलं. त्यातून १९८४ साली ‘एस्प्रिट’ नावाची योजना निघाली. तिचा नियम मोठा मार्मिक होता. निदान दोन वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्या एकत्र आल्या तरच मदत. आणि तीही सामान्यतः निम्म्या खर्चाची. आपल्याकडे सावड करतात ना? आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. एकट्यानं सावड होत नाही. या योजनेमुळे युरोपच्या कंपन्यांनी अमेरिकेला मागं टाकलं का? नाही टाकलं. ज्या कंपन्यांसाठी हा घाट घातला त्यांतल्या काही पुढे विकल्या गेल्या. पण ग्रीसच्या विद्यापीठातला तरुण आयर्लंडच्या तरुणाबरोबर काम करू लागला. माझ्या मते खरा लाभ हाच.

१९८९ साली फ्रान्स, जर्मनी आणि हॉलंड यांच्या राष्ट्रीय संशोधन संस्थांनी ‘एर्सिम’ हा संघ काढला. त्यातल्या ॲमस्टरडॅमच्या संस्थेतच त्या वर्षीच्या नाताळच्या सुटीत गिडो व्हान रोसम यांनी एक नवी भाषा रचायला घेतली. तीच आज आपली मुलं शिकतात ती ‘पायथन’.

आता विद्यार्थ्यांकडे वळू. १९८७ साली ‘इरास्मस’ योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी आपला देश सोडून दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात काही महिने शिकून आले. लगेच अडचण आली. परदेशात केलेला अभ्यास परतल्यावर धरायचा कसा? एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीला जुळत नाही, त्यातला प्रकार. म्हणून १९८९ मध्ये एक सामाईक माप ठरलं. वर्षभराचा पूर्ण अभ्यास म्हणजे ६० क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे सुमारे २५ ते ३० तासांचा अभ्यास; त्यात वर्गातले तासही आले आणि घरचं वाचनही आलं. पुढे १९ जून १९९९ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरी २९ देशांच्या मंत्र्यांनी पदव्यांची रचना एकमेकांशी जुळती करण्याचं ठरवलं. आपल्याकडे २०२१ मध्ये क्रेडिट जमा ठेवण्याची ‘बँक’ निघाली, तिची कल्पना याच जातीची आहे.

माप जुळलं म्हणून मनं जुळतात असं नाही. त्यासाठी एकत्र बसावं लागतं. जर्मनीच्या सारलँड प्रांतात डागस्टुल नावाचा जुना गढीवजा वाडा आहे. १९९० पासून तिथं संगणकशास्त्रज्ञांच्या निवासी बैठका भरतात. आमंत्रण असेल त्यालाच प्रवेश. मुक्काम बहुधा आठवडाभर. जेवणाच्या वेळी कोणी कुठं बसायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. नावाची पाटी जिथं असेल तिथं बसायचं. मग नामांकित आचार्य आणि कालचा विद्यार्थी शेजारी-शेजारी येतात, आणि पोळी मोडताना जे बोलणं होतं ते व्याख्यानात होत नाही. पंगतीत मानाचं पान नसलं म्हणजे काय घडतं, हे पाहायचं असेल तर हा वाडा पाहावा.

इतकं सगळं झालं तरी एक उणीव राहिली होती. वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या संगणक विभागांच्या प्रमुखांना एकत्र आणणारी संस्थाच युरोपात नव्हती. अमेरिकेत तशी होती. २००५ च्या ऑक्टोबरात झुरिकच्या तंत्रविद्यापीठात या विभागप्रमुखांची पहिली परिषद भरली, आणि २००६ साली ‘इन्फॉर्मॅटिक्स युरोप’ ही संस्था उभी राहिली. प्राध्यापकांची नेमणूक कशी व्हावी, संशोधनाची पारख केवळ छापलेल्या निबंधांच्या संख्येवर करावी काय, मुली या विषयाकडे कमी का येतात, असे प्रश्न तिनं हाती घेतले. संस्थेचं कार्यालय झुरिकला, म्हणजे युरोपीय संघात नसलेल्या देशात आहे, हेही ध्यानात ठेवण्याजोगं. विद्येचा नकाशा आणि राज्याचा नकाशा दर वेळी जुळत नाही. ब्रिटन २०२० मध्ये संघातून बाहेर पडलं, तेव्हा तिथल्या संशोधकांचे सामाईक प्रकल्प लोंबकळत पडले. १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटन पुन्हा संशोधन योजनेत सामील झालं. पण मधली वर्षं तरुण संशोधकांची गेली, ती कोण भरून देणार?

शिक्षक मंडळींनी यापुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचावा. २०१३ साली या संस्थेनं एका सहकारी संस्थेबरोबर शाळांविषयी अहवाल काढला. त्यात एक भेद ठासून सांगितला आहे. संगणक वापरता येणं निराळं आणि संगणकाची विद्या येणं निराळं. पत्र टाइप करणं, चित्र चिकटवणं ही झाली वापरण्याची सवय. एखादं काम पायरी-पायरीनं कसं मांडावं, कोणती रीत कमी श्रमाची, चूक कुठं झाली हे कसं शोधावं, ही झाली विद्या. इंग्लंडनं २०१४ च्या सप्टेंबरापासून पाच वर्षांच्या मुलांपासूनच्या वर्गांत या दुसऱ्या प्रकाराला स्थान दिलं. २०१८ पासून युरोपातल्या संस्थांनी मिळून ‘सर्वांसाठी इन्फॉर्मॅटिक्स’ अशी मोहीम चालवली आहे. स्वतंत्र विषय म्हणूनही शिकवा, आणि भूगोल-विज्ञानाच्या तासालाही तिचा उपयोग करा, असं तिचं सांगणं.

“आमच्या शाळेत यंत्रंच नाहीत, आणि असली तर वीज नाही,” असं कोणी म्हणेल. तर त्याला उत्तर लिथुएनिया या चिमुकल्या देशानं दिलं आहे. प्राध्यापिका वालेंटिना डागिएने यांनी २००४ साली तिथं ‘बेब्रास’ ही स्पर्धा सुरू केली. बेब्रास म्हणजे बीव्हर, ओढ्यावर लाकडांचा बांध घालणारा मेहनती प्राणी. प्रश्न लहान कोड्यासारखे असतात, आणि ते सोडवायला प्रोग्रॅम लिहिता येण्याची गरज नसते. आता पन्नासहून अधिक देशांत ही स्पर्धा होते. भारतातही होते, आणि आपली मुलं तिचे प्रश्न मराठीतून सोडवू शकतात.

त्याच धर्तीचा एक प्रश्न इथं देतो. पाच मुलं ओळीत उभी करा, सगळ्यांत उंच पहिला आणि सगळ्यांत ठेंगू शेवटी. आता ओळ नेमकी उलटी करायची. नियम एकच. एका वेळी फक्त शेजारच्या दोघांनी जागा बदलायची. कमीत कमी किती अदलाबदली लागतील? मुलांना अंगणात करू द्या, मोजू द्या, भांडू द्या. उत्तर दहा येतं. कारण ओळ उलटी व्हायची तर कोणत्याही दोन मुलांना एकदा तरी एकमेकांना ओलांडावंच लागतं, आणि पाच मुलांत अशा जोड्या दहाच होतात. मग सहावा मुलगा ओळीत उभा करा, आणि अंगणात न जाता उत्तर सांगायला सांगा.