देवगिरीचे ताल आणि ऑलिव्हिए मेस्यां

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य संगीतात लयीचा विचार ज्यांनी मुळापासून बदलला, त्यांत फ्रेंच संगीतरचनाकार ऑलिव्हिए मेस्यां (१९०८–१९९२) यांचे स्थान अग्रभागी आहे. परंतु त्या विचाराचे एक मूळ तेराव्या शतकातील देवगिरीत आहे, याची दखल मराठी संगीतचर्चेत व्हावी तितकी झालेली नाही. यादव राजा सिंघण याच्या पदरी श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख, असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यातील तालाध्यायात १२० देशी तालांची लक्षणे दिली. हाच ग्रंथ १८९६–९७ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमाने मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्या संपादनाखाली, कल्लिनाथाच्या टीकेसह प्रसिद्ध केला.

आव्हिन्यों येथे जन्मलेले मेस्यां वयाच्या अकराव्या वर्षी पॅरिसच्या संगीत विद्यालयात दाखल झाले आणि १९३१ पासून अखेरपर्यंत त्याच शहरातील ट्रिनिटी चर्चमध्ये ऑर्गनवादक राहिले. कॅथलिक श्रद्धा आणि पक्ष्यांचे गाणे यांइतकाच त्यांना लयीचा ध्यास होता. देशी ताल त्यांना एखाद्या मृदंगियाच्या हातातून मिळाले नाहीत. लाव्हिन्याक यांच्या संगीत विश्वकोशातील भारतावरील लेखात, जो जोआनी ग्रोसे यांनी लिहिला होता, त्या तालांचे कोष्टक त्यांच्या पाहण्यात आले.

शार्ङ्गदेवाच्या पद्धतीत लघू हे मूळ माप असून द्रुत त्याच्या निम्मे, गुरू दुप्पट आणि प्लुत तिप्पट असतो, तर विराम लागलेला द्रुत दीडपट लांबतो. लघू चार मात्रांचा धरला, तर ‘रागवर्धन’ हा ताल २, ३, २, १२ असा येतो. मेस्यां यांनी तो उलटा फिरवला, बाराचे चार-चारचे तीन भाग केले आणि ४, ४, ४, २, ३, २ अशी मांडणी मिळवली. तिच्यातील २, ३, २ हा तुकडा पुढून वाचला काय किंवा मागून, सारखाच राहतो. अशा लयींना त्यांनी ‘उलटता न येणाऱ्या लयी’ म्हटले आणि काळाची दिशा जणू नाहीशी करणारे हे वैशिष्ट्य त्यांच्या धर्मभावनेला जवळचे वाटले.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना रचलेले ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ हे चार वाद्यांसाठीचे संगीत १५ जानेवारी १९४१ रोजी ग्योर्लिट्झच्या युद्धकैदी छावणीत प्रथम वाजले. त्याच्या पहिल्या भागात पियानोच्या लयीत रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल एकापाठोपाठ जोडलेले असून त्यांची मिळून १७ मूल्ये होतात, आणि त्यांच्यावर २९ स्वरसंघातांची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची, मालिका फिरत राहते. १७ आणि २९ या दोन्ही मूळ संख्या असल्याने ही दोन चक्रे त्या भागाच्या अवधीत पुन्हा कधीच एकत्र सुरू होत नाहीत. देवगिरीत मोजलेले काळखंड काटेरी तारेच्या आत वाजले, ही घटना कुठल्याही कल्पित कथेहून अधिक हेलावणारी आहे.

तरीही या संगीताला भारतीय म्हणणे योग्य नाही. तालाचे आवर्तन, समेवर येण्याची ओढ आणि हाताने दाखवायच्या क्रिया, म्हणजे ताली आणि खाली, यांपैकी काहीच मेस्यां यांनी घेतले नाही. त्यांनी काळाच्या लांब्या तेवढ्या घेतल्या. ही उणीव आहे, पण त्यामुळे त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण आपल्याकडेही त्या १२० तालांपैकी बहुतेक प्रत्यक्ष वापरातून लोपून ग्रंथातच उरले होते. तुलनेसाठी आल्बेर रुसेल यांच्याकडे पाहावे: त्यांनी १९०९ मध्ये भारतप्रवास केला आणि देवगिरीपासून जवळच असलेल्या वेरूळच्या लेण्यांवरून ‘एव्होकासिओं’ या वाद्यवृंदरचनेचा पहिला भाग बांधला. रुसेल यांनी स्थळ पाहिले, मेस्यां यांनी शास्त्र वाचले; आणि अधिक खोलवर परिणाम शास्त्राचाच झाला.

शार्ङ्गदेवाच्या यादीतील ‘तुरंगलीला’ या तालाचे नाव मेस्यां यांनी आपल्या दहा भागांच्या प्रचंड सिंफनीला दिले, जी २ डिसेंबर १९४९ रोजी बोस्टनमध्ये लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली. बुलेझ, श्टॉकहाउझेन आणि झेनाकिस हे त्यांचे विद्यार्थी लयीच्या याच प्रश्नांना आपापल्या परीने भिडले. मेस्यां यांच्या निधनानंतर पत्नी इव्हॉन लोरिओ यांनी पूर्ण करून प्रसिद्ध केलेल्या सात खंडांच्या लयग्रंथातील पहिल्या खंडात शार्ङ्गदेवाच्या १२० देशी तालांचे विवेचन आले आहे.