तीन एक्क्यांचा कौल

मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता रत्नागिरी जिल्ह्याची हद्द ओलांडून सिंधुदुर्गात शिरतो तेथे, विजयदुर्गच्या खाडीच्या वरच्या अंगाला, खारेपाटण वसलेले आहे. आणि गणेशचतुर्थीनंतरच्या रात्री, भजन आटोपून शेवटची झांज थंडावली म्हणजे, कोकणातल्या इतर गावांप्रमाणेच येथेही जागरणासाठी पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. अशाच एका रात्री सहा जणांच्या रिंगणात, उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या काजूच्या बिया पणाला लावून (फौजदारसाहेबांनी पंचनामा करावा इतका मुद्देमाल त्यांत नव्हता) तीन पत्तीचा खेळ रंगात आला असता, एका गृहस्थांच्या हाती तीन नव्व्या आल्या, आणि पुढच्याच डावात त्यांच्या शेजाऱ्याच्या हाती तीन एक्के. घरच्या आजोबांनी आधी मखराकडे पाहिले, मग हात जोडले, आणि म्हणाले, "ह्यो देवाचो कौल!" त्यांचा नातू गोव्याला एका पंचतारांकित हॉटेलातील जुगारखान्यात डोकावून आलेला होता. तो म्हणाला, "आजोबा, थंय व्हिडिओ पोकरच्या यंत्रार एकाक पाठोपाठ दोनदा चौकडी लागली. थंय खंयचो देव?"

कौल कोणाचा हा प्रश्न बाजूला ठेवू. तो देवळातल्या पुजाऱ्याने मूर्तीला लावलेल्या तांदळांवर सोडणे बरे. परंतु ह्या दोन चमत्कारांत अधिक दुर्मीळ कोणता, ह्याचे उत्तर गणिताला देता येते, आणि त्यासाठी लागणारी रीत परदेशातून मागवावी लागत नाही. भास्कराचार्यांनी शके 1072 मध्ये, म्हणजे इ.स. 1150 साली रचलेल्या लीलावतीत गोड, आंबट, खारट आदी सहा रसांपासून किती प्रकारची मिश्रणे होतील असा प्रश्न घातला आहे आणि उत्तर 63 दिले आहे. त्याच रीतीने, वरच्या ओळीत उतरते आकडे व खालच्या ओळीत चढते आकडे मांडून गुणाकार-भागाकार केला की 52 पानांतून तीन पाने किती प्रकारांनी येतील ते निघते. 52, 51 आणि 50 ह्यांचा गुणाकार भागिले 6, म्हणजे 22,100. त्यांपैकी एकाच किमतीची तीन पाने, ज्याला खेळगडी ट्रेल म्हणतात, ती एका किमतीची चार प्रकारांनी आणि तेरा किमतींची मिळून 52 प्रकारांनी येतात. तेव्हा ट्रेलची संभाव्यता 425 डावांत एक. (जाता जाता सांगतो : हाच खेळ सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेने, म्हणजे दहा रंगांच्या 120 पानांनी खेळला, तर ट्रेल 195 डावांत एकदा लागेल. रंग वाढले की सारख्या किमतीची पाने वाढतात.)

आता यंत्राकडे वळू. व्हिडिओ पोकरचे यंत्र 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नेवाडा प्रांती रूढ झाले. त्याच्या पडद्यावर पाच पाने उमटतात. खेळणाऱ्याने हवी ती ठेवावी, नको ती टाकावी, आणि टाकलेल्यांच्या जागी त्याच कॅटातली नवी पाने घ्यावी. पाचच पानांचा विचार केला तर भास्कराचार्यांच्या रीतीने 25,98,960 डाव निघतात. चार सारख्या पानांची चौकडी त्यांतल्या 624 डावांत, म्हणजे 4,165 मध्ये एकदा पहिल्या वाटपातच येते. परंतु पाने बदलण्याची मुभा असल्यामुळे, आणि जोडी हाती असताना ती मोडू नये इतके शहाणपण खेळणाऱ्याला असल्यास, ती सुमारे दसपट सुलभ होते : उत्तम खेळणाऱ्याला सरासरी 423 डावांत एकदा. येथे एक मौजेचा योगायोग आहे. माजघरातल्या सतरंजीवरचा ट्रेल आणि पंचतारांकित यंत्रावरची चौकडी ह्यांची दुर्मिळता जवळजवळ सारखीच, 425 आणि 423! तेव्हा आजोबा आणि नातू एकाच तराजूची दोन पारडी हाती घेऊन भांडत होते.

लागोपाठच्या दोन डावांचा हिशेब करताना संभाव्यतांचा गुणाकार करावयाचा असतो. अट एवढीच की पहिल्या डावाचा दुसऱ्यावर परिणाम होऊ नये. आणि पत्ते नीट पिसले असतील, अथवा यंत्र प्रत्येक डावासाठी नव्याने आकडे काढीत असेल, तर तो होत नाही. ह्या हिशेबाने ठरावीक दोन डावांत आपल्याच हाती दोन ट्रेल येण्याची संभाव्यता 1,80,625 मध्ये एक, आणि यंत्रावर दोन चौकड्यांची 1,78,929 मध्ये एक. तीन चौकड्या पाठोपाठ हव्या असतील तर आकडा 7 कोटी 56 लाखांच्या पलीकडे जातो. हे आकडे ऐकले की माणसाचे डोळे विस्फारतात. परंतु माझ्या मते खरी मेख आकड्यांत नसून प्रश्न केव्हा विचारला ह्यात आहे. एक चौकडी लागून गेल्यावर, यंत्राभोवती माणसे जमल्यावर, जो विचारतो की आता पुन्हा लागेल काय, त्याच्यापुढे 423 मध्ये एक एवढीच संभाव्यता असते. पहिल्या चौकडीची किंमत चुकती झालेली असते. यंत्राच्या दफ्तरी मागची बाकी पुढे ओढण्याची चाल नाही. आणि ह्याच्या उलट, तासाभरात सहाशे डाव खेळणाऱ्याच्या त्या तासात कोठे तरी चौकड्यांची जोडी येण्याची संभाव्यता सुमारे तीनशेत एक होते, कारण जोडी सुरू होण्याच्या जागा एक नसून 599 असतात.

त्या रात्रीच्या जागरणालाही हाच न्याय लावला पाहिजे. तेथे दोन ट्रेल एकाच गृहस्थाला लागले नव्हते; आणि लागणारा कोणी का असेना, आजोबांनी हात जोडलेच असते. सहा हात खेळत असता एखाद्या डावात कोणाला तरी ट्रेल लागण्याची संभाव्यता सुमारे 71 मध्ये एक, पाठोपाठच्या दोन डावांत ती सुमारे पाच हजारांत एक, आणि रात्रभरात दीडशे डाव झाले असे धरले तर सुमारे 34 मध्ये एक. ज्या वाडीत 34 घरी सहासहा जण पत्ते कुटीत जागत असतील, तेथे सरासरी एका घरी हा कौल मिळावयाचाच. उरलेल्या 33 घरी काही घडले नाही, ही वार्ता मात्र सकाळी कोणी कोणाला सांगत नाही.

परंतु अशीही एक जोडी आहे की जिच्यापुढे माझाही संशय हात टेकतो. एकाच रंगाची दश्शी, गुलाम, राणी, राजा व एक्का, म्हणजे रॉयल फ्लश, पहिल्या वाटपात 6,49,740 मध्ये एकदा येतो. पाने बदलून उत्तम खेळल्यास सुमारे 40,400 मध्ये एकदा. दोन रॉयल फ्लश लागोपाठ म्हणजे सुमारे 163 कोटींत एक. 163 कोटी म्हणजे किती ह्याची कल्पना कोणालाच येत नाही, म्हणून खारेपाटणचाच दाखला घेतो. येथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट शके 930 चा, म्हणजे इ.स. 1008 चा आहे. शेजारच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, जे एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवीत, त्यांनीच त्याचा मजकूर प्रथम प्रसिद्ध केला. तो ताम्रपट कोरला गेला त्या दिवशी एखादा माणूस यंत्रापुढे बसता, आणि रोज आठ तास, ताशी सहाशे डाव, एकही सुटी न घेता खेळत राहता, तर सरासरीने त्याला ही जोडी दिसावयास सुमारे 930 वर्षे लागती. म्हणजे दुसरे महायुद्ध तोंडावर आले असते. आणि सरासरी ही हमी नव्हे : एवढ्या अवधीत ती एकदाही न दिसण्याची संभाव्यता शेकडा 37 आहे.

राहता राहिला पैशाचा मामला. महाराष्ट्रात 1887 चा जुगारप्रतिबंधक कायदा आजही अमलात आहे. कॅसिनोंना परवाने देण्यासाठी 1976 साली केलेला अधिनियम कधीच अमलात आला नाही आणि 2023 साली तो रद्दही झाला. गोव्याने मात्र 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे लावण्यास मोकळीक दिली, आणि पत्रादेवीचा नाका ओलांडणाऱ्या सिंधुदुर्गातील तरुणाला ती दूर नाहीत. त्याला माझे सांगणे इतकेच की, यंत्रासमोर बसण्यापूर्वी पडद्यावरचा देण्याचा तक्ता वाचावा. ज्याला जाणकार नऊ-सहा म्हणतात, म्हणजे फुल हाऊसला नऊपट व फ्लशला सहापट देणारा, त्या तक्त्यावर निर्दोष खेळणाऱ्याला शंभरातले सरासरी 99.54 परत मिळतात. तेच आकडे आठ व पाच झाले की 97.30. फरक क्षुल्लक दिसतो. परंतु डावाला पन्नास रुपये लावून तासाला सहाशे डाव खेळणारा तीस हजारांची उलाढाल करतो, आणि त्याची सरासरी खोट पहिल्या तक्त्यावर 138 रुपये, तर दुसऱ्यावर 810 रुपये होते. शिवाय त्या परताव्यातला शेकडा दोनांच्या जवळपास भाग एकट्या रॉयल फ्लशचा असतो. तो ज्याला लागला नाही, आणि एका सुटीत तो बहुतेकांना लागत नाही, त्याची खोट ह्याहूनही मोठी.

जागरणाच्या रात्री हा सारा हिशेब मी रद्दी कागदावर मांडून दाखवला. नातवाला तो पटला. आजोबांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि पत्ते पिसावयास घेतले. पुढच्या डावात तीन एक्केवाल्या गृहस्थांना इस्पिकची सत्ती, बदामची चौकी आणि किलवरची दुर्री आली.