मुंबईंत बिऱ्हाड कोठें करावें?

नाताळच्या सुटींत आमच्या शाळेचे जुने विद्यार्थी गांवीं येतात, तेव्हां त्यांपैकीं कांहीं आवर्जून भेटावयास येतात. पूर्वीं ते नोकरी कशी मिळवावी हें विचारीत. आतां नोकरी लागलेली असते, लग्न झालेलें असतें, कडेवर एखादें मूलही असतें, आणि प्रश्न असतो तो असा कीं, "सर, मुंबईंत घर कोठें घ्यावें?" विकत घेण्याची गोष्ट त्यांच्याही मनांत नसते व माझ्याही नसते; प्रश्न भाड्याच्या घराचाच असतो. त्याचें उत्तर मीं दरवेळीं तोंडीं व घाईनें दिलें आहे, आणि म्हणून तें बहुधा अपुरें राहिलें आहे. यंदा संपादकांनीं लेख मागितला तेव्हां तेंच सविस्तर लिहावें असें मनांत आलें. माझा अधिकार एवढाच कीं मुंबईंत मीं नऊ वर्षें शिक्षकाचें काम केलें, आणि त्यांतील पहिलीं चार वर्षें चुकीच्या ठिकाणीं बिऱ्हाड करून काढलीं.

ती चूक प्रथम सांगतों. माझी शाळा भायखळ्यानजीक होती आणि आम्हीं घर घेतलें बदलापुरास. दोन खोल्या, निराळें स्वयंपाकघर, खिडकींतून दिसणारे डोंगर, आणि भाडें पगारास झेपण्यासारखें. मे महिन्यांतील एका रविवारीं दुपारीं दलालानें तें घर मला दाखविलें. "स्टेशनपासून दहा मिनिटें," असें तो म्हणाला, आणि तें अगदींच खोटें नव्हतें, कारण त्यानें मला आपल्या मोटारसायकलवर बसवून नेलें होतें. पायीं तेंच अंतर अर्ध्या तासाचें निघालें! रिक्षा मिळाल्यास पंधरा मिनिटें, गाडींत सुमारें दीड तास, आणि भायखळ्यास उतरल्यावर पुन्हा पंधरा मिनिटें पायपीट, असे दोन तास जातांना व दोन तास येतांना लागत. पुढें धाकट्या मुलास बालवाडींत घातलें, तेव्हां तेथील बाईंनीं सर्व मुलांस "तुझे बाबा काय करतात?" असें विचारलें. कोणाचे बाबा दुकान चालवीत, कोणाचे बँकेंत जात. आमचे चिरंजीव म्हणाले, "माझे बाबा झोपतात." मुलें हंसलीं, बाईही हंसल्या. परंतु उत्तर वस्तुस्थितीस धरून होतें. मी सकाळीं निघें तेव्हां तो निजलेला असे, रात्रीं परतें तेव्हांही निजलेला असे, आणि रविवारीं तो जागा असे तेव्हां मी निजलेला असें. मंडळींनीं ही हकीकत मला सांगितली तीही पुढल्या रविवारीं, कारण मधल्या दिवसांत बोलावयास सवड झाली नव्हती.

आतां मूळ विषयाकडे वळूं. मुंबईची ठेवणच अशी आहे कीं घराचा विचार आगगाडीच्या विचारावांचून होत नाहीं. दक्षिणेस समुद्रांत शिरलेलें निमुळतें टोंक, आणि वाढावयास जागा काय ती उत्तरेकडे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत, म्हणजे सुमारें ३४ किलोमीटर, पहिली आगगाडी धांवली, आणि शहर कोणत्या दिशेनें पसरणार हें त्याच दिवशीं ठरून गेलें. १८९६ सालीं प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्तींतून माणसें बाहेर काढावींत, रुंद रस्ते व हवेशीर घरें व्हावींत, म्हणून १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर, माटुंगा व शीव या भागांतील आखीव वस्ती, हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी, पांच बागा, हें सारें त्या ट्रस्टच्या योजनांचें फळ होय. १९२५ सालीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी सुरू झाली, १९२८ सालीं पश्चिमेकडे ती बोरिवलीपर्यंत पोंचली, आणि कचेरी कोटांत व घर उपनगरांत हा मुंबईकराचा संसार रुळांवर बसला.

म्हणून माझें पहिलें सांगणें असें कीं अंतर किलोमीटरांनीं मोजूं नका. तें आधीं मार्गानें व मग मिनिटांनीं मोजा. मुंबईंत मुख्य मार्ग तीन आहेत. पश्चिमेचा चर्चगेटहून विरार व पुढें डहाणूकडे जातो. मध्य रेल्वेचा कल्याणापर्यंत जाऊन तेथून कसारा व कर्जत असा दुभंगतो. तिसरा हार्बरचा, पनवेलकडे जाणारा. नकाशावर बोरिवली व मुलुंड एकमेकांसमोर दिसतात, पण मध्यें डोंगर व अरण्य आहे, हें नकाशा पाहणारास कळत नाहीं. कचेरी ज्या मार्गावर, घरही त्याच मार्गावर असावें. दादरास किंवा कुर्ल्यास गाडी बदलणें म्हणजे नुसतीं दहा मिनिटें अधिक नव्हेत. जिना, पूल, गर्दी आणि चुकलेली गाडी हीं सर्व त्या दहा मिनिटांत बसवावीं लागतात.

येथें एक जुनी समजूत सोडून द्यावी. काम म्हटलें कीं तें कोटांतच असणार व सकाळीं सर्वांनीं दक्षिणेकडेच जावयाचें, हा काळ गेला. आमचे विद्यार्थी हल्लीं वांद्रें-कुर्ला संकुलांत, अंधेरीस, पवईस, ऐरोलीस कामास जातात. ऐरोलीस जाणारानें स्वस्ताईसाठीं विरारला घर घेतलें तर तो दररोज मुंबईस प्रदक्षिणा घालील. त्यानें ठाण्यास किंवा कळव्यास राहावें. ठाण्याहून वाशीकडे जाणारा रेल्वेमार्ग २००४ सालीं सुरू झाला आहे. शिवाय गर्दी ज्या दिशेस वाहते तिच्या उलट दिशेस कामाचें ठिकाण असेल तर तेंही भाग्य समजावें. बसावयास जागा मिळाली कीं त्याच दीड तासांत मनुष्य पुस्तक वाचतो; न मिळाली तर तो नुसता तग धरतो.

ज्या स्टेशनाहून गाडी सुटते तें स्टेशन, भाडें थोडें अधिक पडलें तरी, मधल्या स्टेशनापेक्षां बरें. ठाणें, कल्याण, बोरिवली, विरार येथून सुटणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. मधल्या स्टेशनावर भरलेली गाडी येते व तींत शिरणें हेंच एक काम होऊन बसतें. दारांत लोंबकळत जाण्याची ज्यांस संवय झाली आहे ते तिला धाडस समजतात. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्यानजीक दोन गाड्या एकमेकींजवळून जातांना दारांतील कित्येक प्रवासी खालीं पडले व त्यांतील कांहींनीं प्राण गमावले. ते सर्व कामावर निघालेले किंवा कामाच्या शोधांत असलेले साधे लोक होते. घर निवडतांना आपण दररोज कोणत्या गाडीच्या दारांत उभे राहणार आहोंत हेंही निवडीत असतों, म्हणून हें लिहिलें.

मेट्रोचें काय, असें तरुण मंडळी विचारतात. वर्सोवा ते घाटकोपर ही पहिली मेट्रो २०१४ सालीं सुरू झाली, दहिसर-अंधेरीकडील दोन मार्ग २०२२ व २०२३ मध्यें खुले झाले, आणि आरेपासून कफ परेडपर्यंतचा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्यें पूर्ण झाला. पूर्व-पश्चिम जाणें त्यामुळें कित्येकांस सोपें झालें आहे. परंतु जें स्टेशन "होणार" आहे त्याच्या नांवानें आज भाडें देऊं नये. दलालाच्या तोंडीं प्रत्येक घर कोणत्या ना कोणत्या भावी स्टेशनाजवळ असतें. तसेंच वांद्रें व शीव यांच्या दक्षिणेस रिक्षा चालत नाहींत, हें बाहेरगांवच्या माणसांस ठाऊक नसतें. तिकडे कचेरी असल्यास शेवटचा तुकडा बसनें, टॅक्सीनें किंवा पायीं जमेस धरावा.

आतां हिशेब पाहा. चार तास दररोज, महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस, म्हणजे शंभर तास. पुढें आम्हीं मुलुंडास आलों तेव्हां घरापासून शाळेपर्यंत एक तास पुरूं लागला; महिन्याचे पन्नास तास वांचले. भाडें सात हजार रुपयांनीं वाढलें. म्हणजे आपल्या मुलांबरोबरचा एक तास मी एकशें चाळीस रुपयांस विकत घेत होतों. त्यांतून रिक्षाचें व पासाचें कमी झालेलें खर्च वजा करा. मंडळी गणितांत माझ्याहून पक्की. तिनें हें कागदावर मांडून दाखविलें तेव्हां चार वर्षें आपण कंजूषपणा केला कीं उधळपट्टी, हें मला कळेना.

पण नवराबायको दोघेंही नोकरी करीत असतील तर कोणाची कचेरी जवळ धरावी? बहुतेक घरांत हा प्रश्न न विचारतांच पुरुषाच्या बाजूनें सुटतो. माझें मत असें कीं शाळेंतून मूल आजारी असल्याचा निरोप आला म्हणजे जो धांवत जाणार, त्याची कचेरी जवळ असावी. आणि ती बहुधा आई असते. १९९२ पासून पश्चिम रेल्वेवर केवळ स्त्रियांसाठीं निराळी गाडी धांवूं लागली ही सोय खरीच, पण दोन तासांचा प्रवास तिनें एका तासाचा होत नाहीं.

मुलांची शाळा कचेरीजवळ नको, घराजवळ हवी. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याखालील नियमांनीं पहिली ते पांचवीसाठीं एक किलोमीटरच्या आंत व सहावी ते आठवीसाठीं तीन किलोमीटरच्या आंत शाळा असावी असें ठरविलें आहे. त्या मापास धरून स्वतः चालून पाहा: मूल एकटें जाऊं शकेल काय? मध्यें किती मोठे रस्ते ओलांडावे लागतात? सायंकाळीं पांच वाजतां जवळच्या मैदानावर जा. शिवाजी पार्कासारखें मैदान सर्वांच्या नशिबीं नसतें. तें १९२५ सालीं लोकांस खुलें झालें व आजही दादरकरांस त्याचा अभिमान आहे. लहानसें मैदान चालेल. मात्र तेथें मुली खेळत आहेत काय व म्हातारीं माणसें बसलेलीं आहेत काय हें पाहावें. तीं असलीं तर वस्ती निर्धास्त आहे असें मी समजतों. याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाहीं.

पाण्याचे प्रश्न दोन: येतें केव्हां, आणि तुंबतें कोठपर्यंत. पहिल्याचें उत्तर शेजारीण देते, दुसऱ्याचें वाणी. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मिठी नदीकांठच्या वस्त्या बुडाल्या. तसा पाऊस नित्य पडत नाहीं, पण हिंदमाता, मिलन सबवे अशीं सखल ठिकाणें साध्या जोराच्या पावसांतही भरतात. मे महिन्यांत सर्वच रस्ते कोरडे दिसतात. वाण्यास विचारा कीं पावसाळ्यांत तो साखरेचें पोतें कितव्या फळीवर ठेवतो.

एका गोष्टीविषयीं लिहूं कीं नको असें झालें होतें, पण आमच्या विद्यार्थ्यांस ती भेटतेच. मुलुंडास घर शोधतांना एका सोसायटींत सर्व ठरलें, बयाणा द्यावयाचा तेवढा उरला, आणि मग चिटणीसांनीं आमचें आडनांव विचारून "आपण काय खातां?" असा प्रश्न केला. त्यानंतर घर रिकामें राहिलें नाहीं असें आम्हांस कळविण्यांत आलें. वाईट वाटलें, मुलें बरोबर होतीं म्हणून अधिक वाटलें. तथापि मी असें सांगेन कीं नांव व आहार या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशीं दलालास स्पष्ट सांगाव्या. लपवून राहिल्यास भीति घरांत राहावयास येते, आणि सुकटीचा वास तर मुळींच लपत नाहीं. ज्या इमारतींत शेवटीं घर मिळालें तेथें समोरच्या आजींनीं पहिल्याच पावसाळ्यांत, गाड्या बंद पडून आम्ही दोघें अडकलों असतां, मुलांस रात्रीं दहापर्यंत जेवूंखाऊं घालून सांभाळलें. त्या स्वतः कांदाही खात नसत.

कागदपत्रांबद्दल थोडेंच. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणें तो लेखी व नोंदविलेला असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. भिडेस्तव सोडूं नये, कारण शाळेंत पत्त्याचा पुरावा मागतात. अकरा महिन्यांनीं मालक घर सोडा म्हणूं शकतो. म्हणून जेथें भाड्याचीं घरें पुष्कळ आहेत अशी वस्ती घ्यावी. मग एका गल्लींतून दुसऱ्या गल्लींत गेलें तरी शाळा, दूधवाला, डॉक्टर व मुलांचे सोबती बदलत नाहींत. आम्हीं मुलुंडास पांच वर्षांत तीन घरें केलीं. मुलांस मात्र आपण एकाच ठिकाणीं राहिलों असें वाटतें.

मुलुंडाचें घर लहान होतें. बदलापूरचें जेवणाचें मेज तेथें मावेना, तें शेजाऱ्यांस देऊन आलों, आणि डोंगराऐवजीं खिडकींतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसूं लागले. मंडळीस डोंगराची आठवण अजून येते.

गेल्या नाताळांत आलेला एक विद्यार्थी येत्या जूनपूर्वीं बिऱ्हाड हलविणार आहे. त्याची मुलगी पहिलींत जाईल. तीन घरें पाहून ठेवलीं आहेत, एकदां बरोबर या, असें त्याचें पत्र आलें. रविवारीं सोयीचें पडेल असें तो लिहितो. मीं त्यास कळविलें आहे कीं, "एक दिवसाची रजा काढ, मी सोमवारीं येईन, आणि आपण सकाळीं आठच्या गाडीनें तुझ्या कचेरीपर्यंत जाऊन पाहूं."