पोटाचं ऑपरेशन आणि ‘ब्लॉक’ची सुई

सिझेरियन असो की हर्निया, ‘टाके दुखणारच, थोडं सोसायला हवं’ हे वाक्य वॉर्डात हमखास कानावर पडतं. पण सोसण्याने जखम काही लवकर भरत नाही. उलट दुखण्याच्या भीतीने पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकला दाबतो, पलंगावरून उठत नाही. मग छातीत कफ साठून न्यूमोनियाचा आणि पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. म्हणूनच अनेक भूलतज्ज्ञ आता नेहमीच्या वेदनाशामकांच्या जोडीला ‘टॅप ब्लॉक’, म्हणजे पोटाच्या भिंतीच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन, देतात.

‘म्हणजे पुन्हा पाठीत सुई?’ नाही. ही सुई पोटाच्या बाजूला, बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टोचतात. २००१ मध्ये भूलतज्ज्ञ रफी यांनी ही पद्धत मांडली तेव्हा सुई कुठवर गेली हे हाताला लागणाऱ्या जाणिवेवरून ओळखावं लागे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हेबार्ड आणि सहकाऱ्यांनी तिला सोनोग्राफीची जोड दिली. जेल लावून प्रोब टेकवला की पडद्यावर स्नायूंचे तीन काळसर थर एकाखाली एक दिसतात, मध्ये पांढऱ्या रेषा. सुईचं टोक खालच्या दोन थरांच्या मध्ये पोहोचलं की थोडं औषध सोडून बघतात. जागा बरोबर असेल तर ते दोन थर अलगद सुटे होतात आणि मध्ये काळं तळं पसरतं. पोटाच्या भिंतीच्या नसा याच फटीतून जातात.

ब्लॉक दिला म्हणजे काहीच दुखणार नाही, हा सगळ्यात मोठा गैरसमज. कातडी, स्नायू आणि टाके यांचं दुखणं यामुळे कमी होतं, पण गर्भाशयाच्या कळा किंवा आतड्यांचं दुखणं या नसांमधून जातच नाही. त्यामुळे एकट्या ब्लॉकवर ऑपरेशनही सहसा होत नाही. सिझेरियनला पाठीतल्या इंजेक्शनातच मॉर्फिन दिलेलं असेल, तर ब्लॉकने फारसा जास्तीचा फायदा होत नाही. तिथे उगीच आग्रह धरू नये.

नस कायमची बधिर राहते का? औषध नसेत नव्हे, तिच्याभोवती सोडतात आणि त्याचा असर काही तासांत ओसरतो. मात्र क्वचित ते खाली पसरून मांडी तात्पुरती ढिली पडते, म्हणून पहिल्यांदा उठताना कुणाचा तरी आधार घ्यावा.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. पण यंत्र आहे म्हणून धोका शून्य, असंही नाही. दोन्ही बाजूंचं औषध मिळून वजनाच्या हिशेबात बसावं लागतं. रोपिवाकेन या बधिर करणाऱ्या औषधाची मर्यादा साधारण किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या बाईला एकूण १५०. औषध रक्तात जास्त गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ओठ बधिर होणं, कानात गुणगुण, तोंडाला धातूची चव ही त्याची सुरुवातीची लक्षणं. जाणवताच लगेच सांगावं. त्यावर शिरेतून देण्याचं २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन ब्लॉक देतानाच हाताशी हवं.