सायंटॉलॉजी : गुणदोषविवेचन

मनात साचलेले दुःख शब्दांत उतरले की त्याचा भार हलका होतो, हा अनुभव सर्व समाजांच्या परिचयाचा आहे. बारामतीस स्थायिक झालेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ‘केकावली’त देवापुढे जी आर्त विनवणी केली, ती भक्तिकाव्य म्हणून प्रसिद्ध आहेच; परंतु स्वतःचे दोष आणि भय उघडपणे उच्चारण्याचे ते एक साधनही होते. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत उदयास आलेल्या सायंटॉलॉजी या पंथाने याच मानवी गरजेला यंत्र, परिभाषा आणि शुल्क यांची जोड दिली. त्याची केवळ थट्टा करून भागत नाही. कारण ज्या गरजेवर तो उभा आहे ती खरी आहे. प्रश्न आहे तो त्या गरजेच्या मोबदल्यात काय घेतले जाते, याचा.

पंथाचे प्रवर्तक एल. रॉन हबर्ड (१९११–१९८६) हे मूळचे विज्ञानकथालेखक. मे १९५० मध्ये त्यांचे ‘डायनेटिक्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मनाचा एक भाग विवेकाने चालतो व दुसरा आंधळेपणाने प्रतिक्रिया देतो. वेदना आणि बेशुद्धी यांच्या क्षणी या दुसऱ्या भागावर जे ठसे उमटतात, त्यांना हबर्ड ‘एन्ग्रॅम’ म्हणतात. ‘ऑडिटर’ नावाच्या प्रशिक्षित व्यक्तीने प्रश्न विचारीत हे ठसे पुसावेत, आणि सर्व पुसले गेले म्हणजे मनुष्य ‘क्लिअर’ अवस्थेस पोहोचतो, असा त्यांचा दावा. त्याच वर्षी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने या दाव्यांना प्रायोगिक आधार नसल्याचे सांगून सावधगिरीचा ठराव केला. १९५३-५४ मध्ये उपचारपद्धतीचे रूपांतर धर्मसंस्थेत झाले आणि ‘थेटन’ या अमर आत्म्याची व त्याच्या पूर्वजन्मांची कल्पना पुढे आली.

भारतीय वाचकास यात नवल वाटण्याजोगे थोडेच आहे. आत्मा, पुनर्जन्म, पूर्वसंस्कार हे शब्द येथे घरोघरी बोलले जातात, आणि एन्ग्रॅम म्हणजे संस्कारच की काय, असा मोह होतो. तथापि हे साम्य वरवरचे होय. संस्कार ही तत्त्वज्ञानातील संकल्पना आहे. तो विद्युत्प्रवाहाने मोजता येतो असे कोणत्याही दर्शनकाराने म्हटलेले नाही. सायंटॉलॉजीचा ‘ई-मीटर’ हातात धरलेल्या दोन नळ्यांमधून अल्प प्रवाह सोडून शरीराचा विद्युत्‌रोध दाखवितो. घाम आला, पकड बदलली, मन उत्तेजित झाले, तरी काटा हलतो. काटा हलला हे निरीक्षण झाले. त्यामागे अमुक स्मृती आहे हे अनुमान झाले. १९६३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही यंत्रे जप्त केली, आणि १९७१ मध्ये न्यायालयाने ती परत देताना, या यंत्राने कोणत्याही रोगाचे निदान वा उपचार होत नाहीत असा इशारा त्यावर असावा, अशी अट घातली.

आता गुणांकडे वळावे. ऑडिटरने मध्ये बोलू नये, दोष देऊ नये, स्वतःचा अर्थ लादू नये, हे नियम उत्तम आहेत. आपले बोलणे कोणी तासभर निमूटपणे ऐकून घेतले, असे किती जणांना म्हणता येईल? आपल्याकडील खेड्यांत एखाद्या सुनेच्या अंगात येते तेव्हा एरवी तोंडातून न निघणारी गाऱ्हाणी तिच्या तोंडून निघतात, आणि बोलणारी ती नसून देवी आहे या समजुतीने सारे घर ती ऐकते. श्रवणाची भूक किती मोठी आहे, हे यावरून कळते. शिकताना न समजलेला प्रत्येक शब्द कोशात पाहूनच पुढे जावे, हा पंथाचा नियमही कोणत्याही शिक्षकास मान्य व्हावा. मात्र येथेच एक खोच आहे. सिद्धान्त पटत नसेल तर त्याचे कारण सिद्धान्तात न शोधता, शिकणाऱ्याचा एखादा शब्द समजावयाचा राहिला असे धरले जाते. अशा वेळी कोश हे ज्ञानाचे साधन न राहता होकार मिळविण्याचे साधन होते.

दोषांचे मूळ तीन ठिकाणी आहे. पहिले गुप्तता. वरच्या पायऱ्यांवरील शिकवण, उदाहरणार्थ १९६७ मधील तिसऱ्या पायरीची विश्वोत्पत्तिकथा, खालच्या पायऱ्या पूर्ण केल्यावाचून साधकास दाखविली जात नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षे खर्च करावयाचा, ती तपासून पाहण्याची संधी खर्च झाल्यानंतर मिळते. दुसरे मोल. ऑडिटिंगसाठी दिलेली रक्कम ठरावीक सेवेचा मोबदला असल्याने ती करमुक्त देणगी नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. तिसरे, आणि सर्वांत गंभीर, म्हणजे बाहेर पडण्याची वाट. साधकाने सांगितलेल्या खाजगी गोष्टींची नोंद संस्थेच्या दप्तरी राहते, आणि ज्यास संस्था विरोधक ठरवील त्याच्याशी, तो सख्खा आप्त असला तरी, संबंध तोडण्याचा प्रघात आहे.

याच जागी आपल्याकडील एक माप हाताशी आहे. तुकोबांची पालखी दर आषाढात बारामतीहून निघून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरास येते. काटेवाडीस धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीस अश्व धावतो. या वाटेवर कोणी अर्ध्यातून सामील झाला वा अर्ध्यातून परतला तरी त्याचा हिशेब ठेवला जात नाही. गाथेचा कोणताही अभंग अमुक रक्कम भरल्यावरच वाचावा असा नियम नाही. वारीतही मानापमान आणि दिंड्यांच्या क्रमाचे तंटे आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु वारी मनोविकार बरा करण्याचे शास्त्र असल्याचा आव आणीत नाही, आणि माळ उतरविणाऱ्याचे घर कोणाच्या आज्ञेने तुटत नाही.

मनोरोगचिकित्सेविषयी पंथाची भूमिका उघड वैराची आहे. १९६९ मध्ये त्याने या कामासाठी स्वतंत्र संघटनाच काढली. सिडनीतील चेम्सफर्ड रुग्णालयात ‘गाढ निद्रा’ उपचाराने झालेले मृत्यू उजेडात आणण्यात तिचा वाटा होता, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण एका रुग्णालयाच्या अपराधावरून सर्व चिकित्सा त्याज्य ठरविणे हा तर्क नव्हे. तीव्र विकाराच्या रोग्यास औषधापासून दूर ठेवणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

हा धर्म आहे काय, याचे उत्तर देशोदेशींच्या न्यायालयांनी वेगवेगळे दिले. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये त्यास धर्म मानले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याच्या प्रार्थनागृहास विवाहनोंदणीसाठी मान्यता दिली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पंथाविरुद्धची फसवणुकीची शिक्षा कायम झाली. या निर्णयांत दिसतो तितका विरोध नाही. धर्म म्हणून मान्यता मिळाल्याने दावा खरा ठरत नाही, आणि धर्म असल्याने फसवणूक क्षम्य होत नाही. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातील धर्मस्वातंत्र्यही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरविण्यासाठी मारझोड करणे, सर्पदंशावर मंत्र घालून वैद्यकीय उपचार रोखणे, अशा उघड कृत्यांस शिक्षा सांगतो. नीटनेटक्या खोलीत, खुर्चीवर बसवून, पावती देऊन विकलेला मनःशुद्धीचा अभ्यासक्रम त्याच्या पकडीत सहसा यावयाचा नाही. व्यक्तिमत्त्वचाचणी फुकट, तिने दाखविलेल्या उणिवांवरील उपाय विकत, हा मार्ग सायंटॉलॉजीने जगभर रूढ केला. तिची दोनशे प्रश्नांची चाचणी ऑक्सफर्डचे नाव लावते, पण त्या विद्यापीठाशी तिचा संबंध नाही. असा अभ्यासक्रम कोणत्याही नावाने तालुक्याच्या गावी येऊ शकतो. येरवड्याचे मनोरुग्णालय बारामतीहून सुमारे शंभर किलोमीटरवर आणि इंदापुराहून त्याहूनही दूर आहे. २०२२ पासून ‘टेली मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मात्र दूरध्वनीवरून, मराठीतून आणि विनामूल्य बोलता येते.