स्वतःच्या रानातील झाडे आणि साखळी-करवतीची निवड

पावसाळा उलटून रब्बीची पेरणी आटोपली म्हणजे आमच्या सातारा-सांगलीकडच्या शिवारात हल्ली एक नवा आवाज ऐकू येऊ लागतो. तो पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीचा होय. गावकरी तिला ‘कटर’ म्हणतात, दुकानदार ‘चेन सॉ’ म्हणतात. पूर्वी बांधावरची बाभूळ पाडावयाची तर कुऱ्हाडीचे दोन गडी लागत, आणि मोठे खोड कापावयाचे तर दुहाती करवत ओढणारी जोडी बोलवावी लागे. ती माणसे आता मिळेनाशी झाली आहेत. तेव्हा ज्याला त्याला स्वतःचे यंत्र असावे असे वाटू लागले आहे. तसे वाटणे गैर नाही. परंतु बैल घेताना दात, खूर व चाल पाहणारा शेतकरी हे यंत्र घेताना मात्र त्याच्या पात्याची लांबी पाहतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. ह्या चुकीची किंमत काय पडते हे मी स्वतः अनुभविले आहे.

सन २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. पाणी ओसरल्यावर आमच्या मळीच्या रानातील सात-आठ बाभळी कलत्या झालेल्या आढळल्या. त्या काढण्यासाठी मी एक यंत्र विकत आणले. पाते २२ इंच लांब, रंग झळझळीत, किंमत थोडी. पहिल्या चार बाभळी पडल्या. पण पुराचा गाळ सालीच्या भेगांत पुरुषभर उंचीपर्यंत बसलेला होता, त्या वाळूने साखळीचे दात बोथटले आणि आम्हांस ते कळले नाही. पाचवी बाभूळ ओढ्याकडे फार कललेली होती. कलत्या झाडाचे खोड ताणलेल्या धनुष्यासारखे असते. त्यास पाठीमागून झपाट्याने कापता आले तर ठीक. काप रेंगाळला तर पुरते कापले जाण्याआधीच झाड खाली येऊ लागते, न कापलेला भाग उभा चिरत जातो आणि चिरलेली फाळ मागे उसळते. तसेच झाले. यंत्र माझ्या हाती होते, फाळ मात्र पलीकडे उभ्या असलेल्या माझ्या पुतण्याच्या मांडीवर आली. तो आज काठीवाचून चालतो. परंतु भांगलणीस उकिडवा बसू शकत नाही. यंत्राने घात केला असे मी म्हणत नाही. दुबळ्या इंजिनावर लांब पाते आणि त्यावर बोथट साखळी, ही निवड माझी होती.

सबब दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन आपल्या रानातून एक फेरी मारावी. येत्या चार-पाच वर्षांत जी झाडे तोडावी लागतील त्यांचा छातीइतक्या उंचीवरील घेर मोजून वहीत लिहावा. घेरास ३ ने भागले असता खोडाची जाडी अंदाजाने निघते. ९० सेंटिमीटर घेराची बाभूळ म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर, अर्थात १२ इंच जाडीचे खोड. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत रानोरान झाडांची जात बदलते. कराड-वाळव्याच्या बागाईत पट्ट्यात उसाने बांधही शिल्लक ठेवलेले नाहीत. तेथे दहा एकरांत पाच झाडे निघतील. माण, खटाव, आटपाडी, जत ह्या दुष्काळी भागांत बाभूळ, लिंब, बोर अशी चिवट पण मध्यम जाडीची झाडे. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरकडेस ऐन, जांभूळ, किंजळ, हिरडा. वहीत लिहिलेल्या झाडांपैकी फार जाड अशी एक-दोनच असतील तर त्यांच्यापायी मोठे यंत्र घेऊ नये; ती ठेकेदाराकडून पाडून घ्यावीत.

ह्याच फेरीत दुसरा हिशेब करावयाचा तो कायद्याचा. अनेक वर्षे महसूल खात्यात कारकुनी केल्यामुळे हे थोडे विस्ताराने सांगतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे खात्याच्या जमिनीतील झाडांवर सामान्यतः खातेदाराचा हक्क असतो. त्यावरून पुष्कळांची अशी समजूत होते की झाड माझे म्हणजे केव्हाही तोडण्यास मी मोकळा. तसे नाही. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम १९६४ ह्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, हिरडा, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, बिबळा, हळदू, तिवस, अंजन इत्यादी झाडे आहेत. ह्यांपैकी कोणतेही झाड, ते आपल्या आजोबाने लावलेले असले तरी, लेखी परवानगीवाचून तोडता येत नाही. बाभूळ, लिंब व निलगिरी त्या अनुसूचीत नाहीत. म्हणजे पाटण-शिराळ्याकडच्या खातेदाराने वहीत लिहिलेली निम्मी झाडे परवानगीची निघतील, आणि माण-जतकडच्याची बहुतेक मोकळी. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला असल्याने तेथील निर्बंध आणखी कडक आहेत. नगरपालिका व महानगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा निराळा वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो. शंका असल्यास ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपला तलाठी, ह्याजकडे आणि वनक्षेत्रपालाच्या कचेरीत आधी विचारावे. लाकूड विकून गावाबाहेर न्यावयाचे असेल तर वाहतुकीचा परवाना लागतो किंवा कसे हेही तेथेच विचारावे.

बांधावरच्या झाडाविषयी एक शब्द. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याची संमती साध्या कागदावर दोन ओळींत घेऊन सही करून घ्यावी. एका लिंबापायी दोन सख्ख्या भावांनी वकिलांची घरे भरलेली मी पाहिली आहेत, आणि त्या लिंबाचे लाकूड एका दिवसाची हळद शिजवण्यासही पुरले नसते.

आता यंत्राकडे वळू. पात्याची लांबी खोडाच्या जाडीहून दोन-तीन इंच अधिक असावी, ह्याहून अधिक नको. कसलेला माणूस दोन्ही बाजूंनी कापून पात्याच्या जवळजवळ दुप्पट जाडीचे खोड पाडतो, पण ते नवशिक्याचे काम नव्हे. आणि पात्याची लांबी इंजिनाच्या ताकदीने ठरते, हे मुख्य सूत्र होय. ३० ते ४० सीसीच्या इंजिनास १४ ते १६ इंची पाते शोभते. हे यंत्र पात्यावाचून चार-साडेचार किलो भरते. फांद्या छाटणे, सुबाभूळ, शेवरी, कोवळी बाभूळ ह्यांस ते पुरते. ४५ ते ६० सीसीला १८ ते २० इंची पाते. वजन पाच किलोच्या आसपास. ज्याच्या रानात फूट-दीड फूट जाडीची झाडे आहेत व जो वर्षास आठ-दहा झाडे पाडतो, त्यास हेच योग्य. ७० सीसीच्या वरची यंत्रे ठेकेदारांची व वखारवाल्यांची. दिवसभर सहा-सात किलोंचे धूड उचलण्याचा सराव नसलेल्या माणसाचे हात दुपारनंतर थकतात, आणि अपघात बहुधा दुपारनंतरच होतात.

नुसत्या सीसीच्या आकड्यावर मात्र भरवसा ठेवू नये. यंत्रावर मोठा आकडा छापण्यास खर्च येत नाही. किलोवॅटमध्ये ताकद किती, हे माहितीपुस्तकात पाहावे. चांगल्या बनावटीचे ४५ सीसीचे इंजिन सुमारे सव्वादोन किलोवॅट देते. स्वस्त यंत्रावर ५८ चा आकडा आणि २२ इंची पाते असूनही बाभळीच्या गाभ्यात ते कुंथू लागते, हे मी सांगितलेच. जर्मनीच्या स्टिल कंपनीचे भारतातील ठाणे पुण्याजवळ आहे. स्वीडनच्या हुस्क्वर्नाची यंत्रेही मिळतात. त्यांची किंमत स्वस्त यंत्राच्या तिप्पट-चौपट पडते. तेवढी ऐपत नसेल तर निदान सातारा, कराड किंवा सांगली येथे त्या यंत्राची साखळी, प्लग, कार्बुरेटरचे पडदे व दोरी सुटी मिळते काय, एवढे विचारून मगच घ्यावे. ज्याचा सुटा भाग मिळत नाही ते यंत्र फुकटही महाग.

विजेवर चालणाऱ्या करवतीही आहेत. घराच्या अंगणात सरपण फोडण्यास त्या उत्तम, धूर नाही व आवाज थोडा. पण त्यांस एकफेजी वीज लागते, आणि रानात आपणांस मोटारीची त्रिफेजी वीज, तीही पाळीप्रमाणे. बॅटरीवरच्या करवती फळबागेतील छाटणीस सोयीच्या आहेत. जाड बाभळीचे काम त्यांजकडून दिवसभर होणार नाही.

साखळी हा ह्या यंत्राचा प्राण. तिच्या दातांच्या घडणीमागे एक मौजेची हकीकत आहे. अमेरिकेतील ऑरेगन प्रांती जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ साली लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती आपल्या जबड्याने एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे असे लाकूड कुरतडीत पुढे जात होती. त्याने तिच्या जबड्याप्रमाणे वाकडे दात साखळीस एकाआड एक डावे-उजवे बसविले. हल्लीच्या बहुतेक साखळ्यांची घडण त्याच धाटणीची आहे. ज्या किड्याच्या नावाने आपण बोटे मोडतो त्यानेच ही विद्या शिकविली म्हणावयाची! घेताना पात्यावर कोरलेले आकडे, म्हणजे साखळीचे अंतर, जाडी व कड्यांची संख्या, वहीत उतरून घ्यावेत. पुढे नवी साखळी आणताना ते लागतात. त्या मापाची गोल कानस त्याच दिवशी विकत घ्यावी. साखळीस धार आहे तोवर भुसा दाणेदार पडतो. पिठासारखा बारीक पडू लागला की काम थांबवून कानस हाती घ्यावी. पूररेषेखालच्या झाडांची साल कापावयाच्या जागी आधी कुऱ्हाडीने तासून काढावी. कुंपणाच्या तारा व खिळे बांधावरच्या झाडांत हमखास सापडतात, तेही आधी पाहावे.

दुकानात आणखी एक गोष्ट डोळ्यांनी पाहून घ्यावी: साखळीचा ब्रेक. पुढच्या मुठीसमोर जी आडवी ढाल असते ती नुसती ढाल नव्हे. ती पुढे लोटताच साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. साखळी सेकंदास सुमारे २० मीटर वेगाने धावते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग एखाद्या आडव्या फांदीस लागला तर सर्व यंत्र माणसाच्या तोंडाकडे उसळते, आणि त्या क्षणी हात सोडून विचार करण्यास अवकाश नसतो. ज्या यंत्रास हा ब्रेक नाही, किंवा आहे पण ढिला आहे, ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. शिरस्त्राण, चष्मा, कानांत बोळे, जाड बूट ह्यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो; कानांत काही न घालता दोन हंगाम काम केलेल्या माणसास पुढे हाका माराव्या लागतात. धोतर, लुंगी व गळ्यातील उपरणे घरी ठेवावे. पाचर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची वापरावी. लोखंडाची पाचर साखळीस लागली की दात गेलेच. वडापिंपळावर आग्या मोहोळ असेल तर यंत्र सुरूच करू नये, आणि विजेच्या तारांजवळचे झाड महावितरणास कळवून पुरवठा बंद करविल्यावाचून तोडू नये.

पेट्रोलात तेल मिसळावे लागते. चांगल्या प्रतीचे टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल असल्यास लिटरास २० मिलिलिटर, साधे असल्यास ४०. माहितीपुस्तक सांगेल ते खरे. साखळीच्या वंगणाच्या टाकीत मोटारीचे जळके ऑइल ओतण्याची चाल पडली आहे, ती मोडावी. त्यातील कचऱ्याने वंगणाची वाट बुजते आणि पाते तापून निळे पडते.

वर्षास चार-पाच झाडेच ज्यास तोडावयाची आहेत त्याने विकत घेण्याचा खटाटोप करू नये, असे माझे मत आहे. पाच-सहा सभासदांनी मिळून मधल्या ताकदीचे एक चांगले यंत्र घ्यावे, हे त्याहून बरे. मात्र सामाईक यंत्र सर्वांचे म्हणजे कोणाचेच नव्हे अशी गत होते. म्हणून ते एकाच शिकलेल्या माणसाच्या हाती द्यावे, त्याची मजुरी ठरवावी व इतरांनी त्यास हात लावू नये.

हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि उरलेल्या पेट्रोलावर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. हल्लीच्या पेट्रोलात आपल्याच उसाचे इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असते. ते हवेतील ओल शोषते, आणि टाकीत पेट्रोल तसेच राहिले तर पावसाळ्याभरात कार्बुरेटर खराब होतो. पाते काढून त्याची खाच साफ करावी, साखळी तेलात बुडवून फडक्यात गुंडाळावी, आणि मृग लागण्यापूर्वी सर्व सामान माळ्यावर कोरड्या जागी ठेवावे.